गळतीची वही

रेव्हरंड पत्रस दौलत केळशीकर
निवृत्त होऊन दाभोळ खाडीकाठी राहायला आले
तेव्हा गावानं ऐकलं, डीन आलेत.
दुसऱ्या दिवशी ओटीवर अकरा माणसं,
काखेत एक्सरे, पिशवीत रक्ताचे रिपोर्ट.
त्यांनी एकेक एक्सरे उन्हाकडे धरून पाहिला,
म्हणाले, "मी त्यातला डीन नव्हे हो.
पण बसा, चहा होतोय."
सखू पावसकरणीला मात्र खरंच बरं वाटलं.
तिनं ते बाजारभर सांगितलं,
निस्तरावं लागलं मला.

मी चर्चची चावी सांभाळते.
वडील मिशनच्या शाळेत शिपाई, त्यांच्याकडून आली.
वीतभर लोखंड.
आधी दार खांद्यानं उचलायचं, मग फिरवायची.
साहेबांना हे सांगावं लागलं नाही.

इथल्याच तरीवर त्यांचा बाप वल्हं मारायचा.
पोरगा पाढे उलटे म्हणतो हे मडमेच्या कानावर गेलं,
तिथून बोर्डिंग, पुणे, मग नगरला दुय्यम,
मग रेल्वेच्या गावात एक चर्च,
जिथं थडगी चारशे
आणि रविवारी माणसं सतरा.
मग मुंबई. कॅथीड्रल. एकोणीस वर्षं.

लोकांना वाटतं झगा, उंच खुर्ची, ऑर्गनचा घुमारा.
असेलही.
मला सांगितलं ते हे:
कबुतरं.
विजेचं बिल.
ट्रस्टचे दोन गट, वकील तीन.
ऑर्गनच्या पोटात व्यालेली उंदरीण,
आणि नाताळच्या रात्री पहिल्या बाकासाठी
भांडणारी दोन घराणी, दरवर्षी तीच.
एकदा बिशपपदासाठी नाव गेलं होतं,
चार मतांनी राहिलं.
"बरं झालं," म्हणाले.
कुळथाची पिठी संपवली, हात धुतले, मग म्हणाले,
"तेव्हा नव्हतं वाटलं बरं."

तिथं भिंतीवर पितळी पाट्या,
कुणी कप्तान, वय बावीस, तापानं.
कुणी लेफ्टनंट, जहाजासकट.
दिवे मालवताना साहेब रोज एक पाटी मोठ्यानं वाचत.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं, तुमच्या वडलांची पाटी कुठाय?
त्यांनी भरतीकडे बोट केलं.
दफनभूमीचा खालचा गडगा
एका उधाणात गेला,
सोबत दोन रांगा माणसं.

उपवासकाळ लागायच्या आदल्या मंगळवारी साहेब गेले.
मुंबईहून दोन गाड्या आल्या, मोठा हार,
इंग्रजीत भाषण.
प्रवचनं कुठे ठेवलीत, विचारू लागले,
पुस्तक काढायचं होतं.
ट्रंकेत प्रवचनं नव्हती, वही होती.
पहिल्या पानावर कॅथीड्रलच्या छपराचा नकाशा, हातानं काढलेला,
पुढे एकोणीस पावसाळे:

चौदा जुलै. वेदीच्या डावीकडे. बादली एक.
दोन ऑगस्ट. कप्तानाच्या पाटीवर. बादल्या दोन.
नऊ ऑगस्ट. कुठून येतंय कळत नाही.
पवित्र भोजन चालू. बादली पायानं सरकवली.

त्यांनी पानं चाळली,
एकमेकांकडे पाहिलं,
वही मला परत दिली.

शेवटची पानं इथली आहेत.
आपल्या चर्चला पंचवीस कौलं नवी हवीत,
कुठली कुठली, फुल्या मारून.
आणि त्याखाली, शाई बदललेली:
दौलत तरवाला.
बाबू भाटकर, तरवाला.
इस्माईल, सुकाणूवरचा.
अंतोन, ज्याची बायको

पुढे काही नाही.

कौलं मी तेवीस बसवून घेतली, दोनाला पैसे पुरले नाहीत.
चर्च बंद करताना एक नाव वाचते.
पाळी अंतोनची आली की अडते.
भाटकरांच्या म्हातारीला विचारलं परवा,
काय झालं होतं त्याच्या बायकोचं?
ती जाळं विणत होती.
म्हणाली, अंधार पडायच्या आत दार लाव जा,
आणि हे पुन्हा विचारू नको.